कड्यावरचा पाठमोरा धनीराम

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. लगेच खिडकीकडे काय बघता? मी दाराखिडकीतला नव्हे हो. मी नाटकातला पडदा आहे, रंगवलेला, अख्खा रंगमंच झाकणारा, आणि माझ्या अंगावर कडा आहे. उभा, काळाकुट्ट, माथा ढगात गेलेला कडा.

आणि हा कडा राहतो कुठे म्हणाल, तर भंडारा जिल्ह्यात! हसा, हसा. इथे धानाची एक बांधी, म्हणजे भाताचं खाचर, संपली की दुसरी लागते आणि ती संपली की तलाव. सानगडीला किल्ल्याची टेकडी आहे, पण तिच्यावरून घसरलात तर कपडे झटकून घरी जेवायला जाल. कडा म्हणजे काय, ते आमच्याकडच्या कितीतरी लोकांनी पहिल्यांदा माझ्यावरच पाहिलं. म्हातारी माणसं नाटक सुरू व्हायच्या आधी माझ्यासमोर येऊन मान वर करायची आणि "बापरे!" म्हणायची. मला त्याचा फार अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

माझा जन्म सानगडीचा. तिथे भैयाजी नाटक मंडळी चालवत. दिवाळी झाली की गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, आमची नाटकं लागायची. एका नाटकाच्या शेवटी नायिका कड्यावरून उडी घेते, असा प्रवेश होता. त्यासाठी भैयाजींनी मांजरपाटाचे पट्टे शिवून घेतले, वर-खाली बांबू लावले, मला अंगणात ताणलं आणि डोमा पेंटरला सांगितलं, "कडा पाहिजे. पाहून बायांनी लेकरं पोटाशी धरली पाहिजेत."

डोमाने जन्मात कडा पाहिला नव्हता. तो एकोडीचा. दुकानांच्या पाट्या, देवळातला हनुमान, गिरणीवरची अक्षरं, हे त्याचं काम. मग हेमराज गुरुजी मदतीला आले. त्यांच्याकडे एका प्रवासी लेखकाचं जाडजूड पुस्तक होतं. गुरुजी माझ्यापुढे खुर्ची टाकून मोठ्याने वाचायचे आणि डोमा ब्रश धरून ऐकायचा. लेखक महाशय पानामागून पान चढतच होते. कडा छाती दडपणारा, दरी अथांग, वारा माणसाला उचलून नेणारा. ऐकून माझ्याच अंगावर काटा यायचा, आणि तेव्हा तर मी अर्धा कोरा होतो.

"गुरुजी, खाली कसे आले ते?" डोमाने एकदा विचारलं.

गुरुजींनी पान उलटलं, आणखी एक उलटलं. "संध्याकाळी मुक्कामी परतलो, एवढंच लिहिलं आहे."

"आन वाट?"

"उतरायची वाट नाही लिहिली बाबा."

चढण्याला अख्खं पुस्तक आणि उतरण्याला एक ओळ! डोमाने डोकं खाजवलं आणि माझ्यावर वर जाणारी एक वाट काढली. तिचं खालचं टोक कुठे न्यावं ते त्याला कळेना, म्हणून ते तसंच सोडून दिलं.

हे वाचन ऐकायला रोज आणखी एक माणूस यायचा. धनीराम. डोमाचा लहानपणापासूनचा दोस्त. हा एकोडीच्या बोडीत, म्हणजे आमच्याकडच्या लहान तळ्यात, मासे धरायचा आणि त्याची आई सखाबाई ते सानगडीच्या बाजारात विकायची. धनीरामला त्या पुस्तकानं वेडंच केलं होतं.

"डोमा, उभा म्हंजे किती उभा बे?"

"मले काय माहीत? मी कोठं पाहिला?"

"मंग मी जाऊन पाहून येतो. तुले फोनवर सांगतो, तू काढ."

आणि खरंच निघाला की हो! सखाबाई तेव्हा बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभी होती. तो बस धरायला झपाझपा चालला होता आणि त्याचा खांद्यावरचा दुपट्टा तिच्याच हातात राहून गेला होता. हाक मारली असती तर तो वळला असता, चार पावलं मागे आला असता. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, अपशकुन होतो, असं तिला तिच्या आईनं सांगितलं होतं. ती दुपट्टा धरून गप्प उभी राहिली आणि त्याची पाठ पाहत राहिली. हे तिनं पुढे इतक्यांदा सांगितलं, की मला तोंडपाठ झालं आहे.

काही दिवसांनी भर दुपारी डोमाचा फोन वाजला. त्याचे हात रंगानं भरलेले, म्हणून त्यानं फोन रंगाच्या डब्यावर ठेवून स्पीकर लावला. त्यामुळे मीही ऐकलं. वारा फार जोरात वाहत होता.

"डोमा, अर्धा चढलो. पुस्तकात लिहिलं तसं नाही हे."

"मंग कसं आहे?"

"मागं वळून पाहिलं. खाली दरी पाहिजे होती ना? खाली आपली बोडी आहे."

डोमा हसला. "पाजली काय बे कोनी?"

"मस्करी नाही. आपलीच बोडी. ते पळसाचं झाड, ती पाळ. पाळीवर माय उभी आहे, हिरवं लुगडं नेसून." वाऱ्याचा आवाज वाढला. "डोमा, ती माझ्याकडंच पाहून राहिली. बरं, आता वर जाऊन राहिलो. वरून फोन करतो."

वरून फोन आला नाही. गुरुजी आणि डोमा तिकडे जाऊन आले, पोलिसांत सांगितलं, घरात होते नव्हते ते सगळे फोटो गावोगाव वाटून झाले. धनीराम काही सापडला नाही. डोमानं सखाबाईला फोनचं सांगितलं, पण ती त्याला खाली दिसली हे मात्र सांगितलं नाही. त्याला भीती वाटली.

मग डोमानं माझं उरलेलं काम संपवलं. वाटेच्या मध्यावर त्यानं वीतभर उंचीचा एक माणूस काढला. पांढरा सदरा, बघणाऱ्याकडे पाठ, एक पाय वर उचललेला. आणि खाली, जिथे दरी हवी होती तिथे, त्यानं एकोडीची बोडी काढली, पाळ काढली, पळस काढला. वाटेचं खालचं टोक त्यानं बरोबर पाळीवर आणून सोडलं. तेव्हा कुठे मला बरं वाटलं. तोवर पाय लोंबकळत ठेवल्यासारखं वाटत होतं.

भैयाजी पाहायला आले आणि कपाळाला हात लावून बसले. "अरे, हे काय केलं? हिरोईन एवढ्या वरून उडी मारल आन तळ्यात पोहून बाहेर निघल? लोक हसून मरतीन!" त्यांनी दुसऱ्याच दिवशी माणूस लावून काजळी आणि सरस कालवला आणि माझा खालचा सगळा भाग काळा करून टाकला. बोडी गेली, पाळ गेली, पळस गेला. वाट काळ्यात जाऊन तुटली.

पण मित्रांनो, नाटक काय चाललं म्हणून सांगू! शुभांगी नायिका व्हायची. ती ओरडून उडी टाकायची आणि मागच्या गादीवर पडायची तेव्हा शिट्ट्या आणि रडणं एकदमच सुरू व्हायचं. एकोडीच्या मंडईत आमचं नाटक लागलं, तेव्हा सखाबाई पुढेच बसली होती. तिनं नायिकेकडे पाहिलंच नाही. ती सारा वेळ त्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहत होती. नाटक संपलं, उजाडायला लागलं आणि पडदे सांभाळणारा कवडू मला खालून गुंडाळायला लागला. तशी ती धावत रंगमंचावर आली.

"थांब रे कवडू! माझा पोरगा वर आहे!" आणि मग माझ्याकडे तोंड करून तिनं हाक मारली, "धनीराम, उतर रे बाप्पा, पडदा गुंडाळून राहिले!"

लोक हसले. मग हसणं आपोआप थांबलं. कवडू हात जोडून थोडा वेळ उभा राहिला आणि मगच त्यानं मला गुंडाळलं.

त्या दिवसापासून ती जवळपासच्या प्रत्येक प्रयोगाला यायची आणि हाक मारायची. ती नसली की कवडूच म्हणायचा, "धनीराम भाऊ, उतरा!" मंडळीचा तो रिवाजच पडला. हाक झाल्याशिवाय शुभांगी तोंडाचा रंग पुसायची नाही. नवा नट आला की पहिल्या दिवशी खिदळायचा आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारायचा, "हाक मारली का?"

कारण हाक मारली की तो खरंच उतरायचा. ते माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? माझ्याच अंगावरून चालायचा तो. मुंगी चालावी तशी बारीक, चाचपडत पडणारी पावलं. वाटेनं तो खाली खाली यायचा आणि काळं सुरू झालं की थांबायचा. एक पाय पुढे घालून बघायचा. खाली काहीच नाही. पाय मागे घ्यायचा. तेवढ्यात मी गुंडाळला जायचो आणि तो त्या गुंडाळीत तसाच उभा राहायचा.

कवडूनं एकदा म्हटलं, "काल तो खडकाच्या वर होता, आज खाली आहे." लोक म्हणाले, चुण्या पडतात रे, रंग उडतो. शुभांगी मात्र मागे वळून माझ्याकडे बघेनाशी झाली. ती भैयाजींना म्हणाली, "उडीच्या वक्ती मागून कोनी हळूच विचारते, 'बाई, खाली कसं जाऊ?' म्हनून." भैयाजींनी तिला अंगारा आणून दिला. दुसरं काय करणार?

मला फार वाईट वाटायचं. आई जीव तोडून हाक मारते, पोरगा येतो आणि त्याला पाय टेकायला जमीन नाही! काळ्याखाली पाळ आहे रे, पुसा कोणीतरी, असं ओरडून सांगावंसं वाटायचं. पण पडद्याला का तोंड असतं?

मग काळ बदलला. भैयाजींनी मोठी लखलखीत स्क्रीन आणली. तिच्यावरच्या कड्यावरून धबधबे पडतात, ढग चालतात. मी मत्सर करत नाही हं. त्या कड्याला हात लावला तर गरम लागतो, एवढंच सांगतो. कवडू काम सोडून गेला आणि मला गुंडाळून गोदामात टाकलं. तेव्हा कोणी हाक मारली नाही. उंदरांनी माझे काठ कुरतडले. आत अंधारात तो वाटेच्या टोकाशी खाली बसला, ते मला कळलं. पुढे तो हलेनासाच झाला आणि मला त्याची फार भीती वाटायला लागली.

एका कार्तिकात आभाळ भरून आलं. मुन्ना नावाच्या शेतकऱ्याचे धानाचे पुंजणे, म्हणजे कापून रचलेले ढीग, उघड्यावर होते. त्यानं भैयाजींकडे झाकायला काही मागितलं आणि भैयाजींनी मला काढून दिलं. ही बातमी बाजारात सखाबाईच्या कानावर गेली. माशांची पाटी डोक्यावर तशीच ठेवून ती आली.

"भैयाजी, पडदा कोठं चालला?"

"मुन्नाच्या वावरात, माय. पुंजन्यावर टाकाले."

"आन त्याच्यावरचा माझा पोरगा?"

भैयाजी वाईट माणूस नव्हते. ते खाली बघायला लागले. "घेऊन जा माय. मुन्नाले मी ताडपत्री देतो." मुन्नानंच मला ट्रॅक्टरमध्ये घालून एकोडीला पोचवलं.

सखाबाईनं बोडीच्या पाळीवर दोन बांबू रोवले आणि मला उन्हात ताणलं. माझा खालचा बांबू पाळीच्या चिखलात टेकला. किती वर्षांनी मी उजेड पाहिला! तिनं जवळ येऊन पाहिलं, तर धनीराम काळ्याच्या काठावर बसलेला, तिच्याकडे पाठ करून. तिनं डोमाला बोलावून घेतलं. फ्लेक्सच्या दुकानांनी बिचाऱ्याचं काम नेलं होतं आणि डोळ्यांनीही त्याला आता कमीच दिसायचं.

"डोमा, इथं खाली काळं काहून केलं?"

"मी नाही केलं, माय. भैयाजीनं केलं. त्याच्याखाली बोडी आहे, आपली. हीच पाळ." आणि मग त्यानं फोनची राहिलेली गोष्ट सांगितली. सांगताना रडला. "त्याले तू दिसली होती माय. हिरव्या लुगड्यात."

सखाबाईनं पायाखालच्या पाळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी रोज दुपारी इथंच उभी राहत होती. त्याच्याच वाटेकडं पाहत होती." तिनं लुगड्याचा पदर बोडीत बुडवला.

डोमा घाबरला. "पानी नको लावू! हा सरसाचा रंग आहे. काळं जाईल, पन कडा जाईल, तोही जाईल. बोडी तेवढी राहील, ती दुकानाच्या पाटीच्या उरलेल्या ऑइलपेंटची आहे."

"इतकी वर्षं मी हाका मारल्या, तो येत होता, आन खाली तुमी अंधार करून ठेवला," ती म्हणाली आणि पुसायला लागली.

काळे ओघळ माझ्यावरून वाहून बोडीत जायला लागले. आधी पळसाचा शेंडा दिसला, मग पाणी, मग पाळ. पण कापड ते कापड, पाणी वर चढायचंच. ते वाटेच्या टोकापर्यंत पोचलं. धनीरामच्या सदऱ्याचा पांढरा रंग पाझरायला लागला आणि मी गारठून गेलो. आता हा माझ्या अंगावरच पुसला जाणार, असं मला वाटलं.

"बस कर माय!" डोमा ओरडला.

सखाबाई सरळ उभी राहिली. "धनीराम, उतर. आता पाळ आहे."

मित्रांनो, तो उठला. एक पाय त्यानं पुढे टाकला आणि या वेळी तो टेकला. मग दुसरा. तो त्या रंगवलेल्या पाळीवरून चालत माझ्या अगदी काठापर्यंत आला, खालचा बांबू चिखलात खचकन रुतला, आणि एकदम मी हलका झालो. वाऱ्यानं फुगलो. वाटेवर नुसता पांढरा ओघळ उरला होता. माझ्यापासून सखाबाईच्या घराकडे ओली पावलं उमटत चालली होती आणि चालणारं कोणी दिसत नव्हतं. सखाबाई त्या पावलांच्या मागून घरी गेली.

मला तिनं दोन्ही बाजूंनी दुमडून घरातल्या भिंतीवर टांगलं. तिथेच माझ्यासमोर तो बसलेला होता, पुऱ्या माणसाएवढा. पांढरा सदरा, रुंद पाठ. शेजारची रंजू ताक घेऊन आली आणि दारातच थबकली.

"माय, हा कोन आला?"

"धनीराम."

"मंग तोंड काहून नाही दाखवत?" म्हणत रंजू त्याच्या पुढच्या बाजूला गेली. तिच्या हातून गडवा पडला. पुढूनही पाठच होती. तो माझ्याकडे तोंड करून बसला होता म्हणा ना, तरी मलाही पाठच दिसत होती. डोमानं त्याला तोंड काढलंच नव्हतं.

सखाबाई त्याच्यापुढे ताट ठेवायची, ताट रिकामं व्हायचं. ती त्या पाठीवर हात फिरवायची आणि म्हणायची, "पाठ त माझ्याच पोराची आहे ना?" डोमा ब्रश घेऊन आला. "तोंड काढून देतो, माय. कसं होतं सांग. मले काही केल्या आठवत नाही."

सखाबाई सांगायला गेली. तिलाही आठवेना. डोळे मिटले की तिला तो जातानाच दिसायचा. घरात फोटो एकही उरला नव्हता. डोमा ब्रश घेऊन परत गेला आणि ती त्या दिवशी जेवली नाही.

मग एका संध्याकाळी ती चुलीपाशी मासे साफ करत होती आणि तो उठला. सरळ माझ्याकडे आला. माझ्यावर कडा अजून होता आणि वर जाणारी वाटही होती. त्यानं एक पाय उचलला आणि माझ्या वाटेवर ठेवला. थंडगार पाय. मला कळलं, हा पुन्हा निघाला. सखाबाईनंही पाहिलं. तिच्या हातातली मासोळी तशीच राहिली. तिचे ओठ हलले आणि मिटले, त्या दिवशी पाळीवर मिटले होते तसेच. हाक मार ना गं, मार ना, असं मी मनात घोकत होतो. त्यानं दुसराही पाय उचलला.

तशी ती उठली, खुंटीवरचा जुना दुपट्टा ओढला आणि मागून मोठ्यानं ओरडली, "धनीराम! दुपट्टा राहिला रे!"

तो थांबला. आणि वळला.

तिनं काय पाहिलं, ते मला सांगता येणार नाही, मित्रांनो, कारण त्याची पाठ माझ्याकडे होती. मला दिसलं ते सखाबाईचं तोंड. आधी तिनं तोंडावर हात धरला. मग तो हात खाली आला, तिनं पुढे होऊन दुपट्टा त्याच्या खांद्यावर टाकला आणि ती म्हणाली, "केवढा वाळला रे बाप्पा तू!"

मी आता कुरतडलेला आहे, माझा कडा फिका पडला आहे आणि मला टाकून दिलंत तरी माझी तक्रार नाही. पण तुम्ही चित्रात माणूस काढाल तर त्याच्या पायाखाली जमीन काढा. डोंगराचं वर्णन लिहाल तर उतरायची वाटही लिहा. पडदा गुंडाळायच्या आधी हाक मारून घ्या. आणि घरातून कोणी निघालं की मागून बोलावू नये, असं तुम्हालाही कोणी सांगितलं असेल. तरी बोलवा. दुपट्टा राहिला म्हणा, डबा राहिला म्हणा, काहीच राहिलं नसेल तरी म्हणा. त्याला एकदा वळू द्या, तोंड नीट पाहून घ्या आणि मग जाऊ द्या.